अकरा पावलांची माती

माणसं देवदर्शनाला जातात, हवा बदलायला जातात, गेलाबाजार कुणाच्या लग्नाला तरी जातात. मी गेल्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यात गेले ती एक चांगली खुनशी बुरशी शोधायला. घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घरातल्या लोणच्यावरची चालणार नाही का?"

नव्हती चालणार. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी तुरीच्या मर रोगावर काम करते. हा रोग लावणारी बुरशी मातीत असते. ती मुळातून आत शिरते, पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्यांत बिऱ्हाड करते आणि शेंगांनी लगडलेलं झाड उभ्याउभ्या वाळवून टाकते. पण गंमत अशी, की दिसायला अगदी सारख्या, एकाच जातीच्या दोन बुरशा घेतल्या तरी एक झाडाचा जीव घेते आणि दुसरी मुळाशी पाहुण्यासारखी गुमान बसून राहते. फरक असतो तो जनुकांचा. काही जनुकं बुरशीला झाडाच्या दाराची कडी काढायला शिकवतात. ती असली तर बुरशी घातकी, नसली तर गरीब गाय. ती जनुकं नेमकी कोणती, हे हुडकण्यात माझी बरीच वर्षं गेली.

आणि ऐन कामाच्या वेळी आमच्याकडची बुरशी बिघडली. बटाट्याच्या पाण्यात साखर घालून केलेल्या जेलीवर आम्ही तिला वाढवत होतो, या बशीतून त्या बशीत हलवत होतो. आयतं खायला मिळाल्यावर घरजावयाचं जे होतं तेच तिचं झालं. रोपांच्या मुळाशी घातली तर रोपं मरेनातच! उलट दोन रोपं चांगली तरारली. काही बुरशांचं असं होतं. झाडाशी गाठच पडत नसली की झाड मारायचं जनुक हळूहळू गळून जातं. तेव्हा पुन्हा शेतात जाऊन, नुकतंच झाड मारलेली, ताजी बुरशी आणण्याला पर्याय नव्हता.

मारेगावकडे

रात्रभराच्या बसबद्दल लिहीत नाही, कारण तिच्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही आणि झोपही घडली नाही. यवतमाळच्या स्टँडसमोर तर्री घातलेले पोहे खाल्ले. मी मूळची सांगलीची, तिखटाचं मला कौतुक सांगू नये असं मला वाटत होतं. दुसऱ्या घासाला नाकातून पाणी आलं. गाडीवाल्याने न विचारता लिंबू पिळलं आणि म्हणाला, "हळू खा ना जी, कुठी पळून राह्यले का पोहे?"

जाताना नवऱ्याने सापांच्या भीतीने मला घोट्याच्या वरपर्यंतचे जाड बूट घ्यायला लावले होते. तळव्याला बोटभर खोल खाचा. या बुटांचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे, म्हणून आत्ताच त्यांची ओळख करून दिली.

मारेगावच्या अलीकडच्या एका गावात दिगंबरभाऊंचं शेत. ओळखीच्या ओळखीतून त्यांचा पत्ता मिळाला होता. साठीचा, उंच, वाकलेला माणूस. डोक्याला पांढरा रुमाल. अंगणात मी पाय ठेवते न ठेवते तोच म्हणाले, "अगुदर च्या घ्या, मंग पाहू मेलेलं. औषध कोन्तं आनलं?"

"औषध नाही हो भाऊ. मी रोगच न्यायला आलेय."

"अरे बाप्पा!" ते मनापासून हसले. "मंग सगळाच घिऊन जा ना जी. पोतं देऊ का?"

वावरात गेल्यावर मात्र हसू मावळलं. दोन्ही बाजूंना पराटी, तिच्यात पांढरा कापूस, आणि मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. हिरव्या झाडांमधे वाळलेल्या झाडांचे पट्टेच्या पट्टे होते. शेंगा भरायच्या बेतात आणि पानं कागदासारखी. एका झाडाच्या बुडापासून वर चढत गेलेला जांभळा पट्टा दिसला. मी चाकूने खोड उभं चिरलं, आत काळपट रेघा. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं.

दिगंबरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरने पेशंटच्या तोंडावर आपला ताप काय सुरेख चढलाय म्हणावं, तसं ते झालं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "राहू द्या. तुम्ही याच्यासाठीच आल्या ना. कोनाच्या तरी कामी येऊन राह्यली तूर."

कालच ओलिताचं पाणी दिलं होतं, काळी माती लोण्यासारखी मऊ. मी तासभर त्या मेलेल्या तुरीतून फिरले, खोडाचे तुकडे कागदी पिशव्यांत भरले, मुळाजवळची माती घेतली. चालताना बूट जड होत गेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन दगडावर दोनदा आपटले आणि झालं म्हटलं.

धुऱ्यावर बसून दिगंबरभाऊंनी ती गोष्ट सांगितली, जिच्यामुळे माझा प्रवास एक दिवस लांबला.

"हे तूर माह्या मायची हाय, मॅडम. विकतचं बी नाही. मायनं जायच्या अगुदर दोन गाडगे भरले. एक मले देलं, एक माह्या बहिणीले, वच्छीले. मुकुटबनकडे देली हाय तिले. माही दर साल जळून राह्यली. तिची एक काडी वाळत नाही. आता तुमीच सांगा."

"काय सांगू?"

त्यांनी मातीत काडीने रेघ ओढली, पुसली. "मायचा जीव वच्छीवर जास्त होता. तिले निवडक बी देलं असन, मले गाडग्याच्या बुडाचं. म्या हे तिच्या तोंडावर बोलून गेलतो. तीन साल झाले, ते भाऊबीजेले आली नाही." मग एकदम मान वर करून म्हणाले, "तुमच्या मशीनले इचारता येते का, दोनी बी एकच हायेत का येगळे?"

मी म्हटलं, येतं. दोन्हीकडचं बी घेऊन जाईन, एकाच बुरशीसमोर दोन्ही उभी करीन, म्हणजे कळेल. खरं सांगायचं तर माझ्या पोटात वेगळाच लोभ होता. मर न लागणारी गावठी तूर मिळाली, तर तिच्यात काय आहे ते शोधता येईल. मी म्हटलं, "उद्या मुकुटबनला जाऊ. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी कायले?" असं ते म्हणाले खरे. पण सकाळी आठला धुतलेला सदरा घालून दारात उभे होते.

मुकुटबनच्या वाटेवर

भाड्याच्या जीपमधे ते पुढे बसले आणि सगळा रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिले. मांडीवर पिशवी, पिशवीत बोरं. बहिणीला लहानपणापासून बोरं आवडतात, एवढंच एक वाक्य ते बोलले. मी विचारलंही नव्हतं.

वच्छलाबाई अंगणात शेणकुटं थापत होत्या. भावाला पाहून हात तसेच राहिले. "दादा? तू काहून आला?"

"मॅडमले घिऊन आलो," दिगंबरभाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. जसं काही मला जीपचा रस्ता सापडला नसता.

"मॅडम नसत्या आल्या तं?"

त्यांनी बोरांची पिशवी ओट्यावर ठेवली. वच्छलाबाईंनी हात धुतले, पिशवीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बसा बाई. जेवल्याबिगर वावरात जाऊ देत नाही मी."

ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि सोले-वांग्याची भाजी. सोले म्हणजे ओल्या तुरीचे हिरवे दाणे. आमच्या सांगलीकडे तूर ही डब्यातली पिवळी डाळ असते, ती कधी हिरवी होती हे आम्ही विसरूनच गेलो आहोत. त्या भाजीची चव मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की तिसरी भाकर मी स्वतः मागून घेतली. भाऊ-बहीण मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. "मॅडम, दादाले भाजी पायजे का इचारा." "मॅडम, तिले म्हना बस झालं." मधे मी, तोंडात घास.

बियाण्याच्या तुरीचा तुकडा वेगळा होता. उताराच्या वर, मुरमाड, फिक्या तांबूस मातीचा. लांबूनच दिसलं आणि मी थांबले. छातीएवढी झाडं, एकसारखी हिरवी. वाळकं पान शोधून सापडत नव्हतं.

धुऱ्याशी वच्छलाबाईंनी चपला काढल्या. दिगंबरभाऊंनी न सांगता काढल्या. "बाई, बूट इथं ठेवा," वच्छलाबाई म्हणाल्या. "बियाच्या वावरात मायनं कधी चप्पल नेली नाही. लक्ष्मी हाय थे."

मला साप आठवला, काटे आठवले, बुटांच्या नाड्यांची गाठ आठवली. आणि खरं कारण सांगते, मला धीरच नव्हता. "हे काय, इथल्या इथेच बघते, लगेच आले," असं म्हणत मी आत शिरलेसुद्धा. पाहुणीला अडवायचं कसं, म्हणून त्या बिचाऱ्या गप्प राहिल्या.

मी एकेक झाडाचं खोड बघत पुढे गेले. एका झाडाशी वाकले आणि सहज मागे नजर गेली. तांबूस मातीवर माझ्या पावलांची ओळ उमटली होती आणि प्रत्येक पावलात काळ्या मातीचे ठोकळे पडले होते. बुटांच्या खाचांतून निसटलेले. जवळच्या एका ठोकळ्यात मेलेल्या तुरीचं तंतूसारखं मूळसुद्धा होतं.

अहो, आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी आहे: 'बाहेरची पादत्राणे बाहेर.' ती पाटी मी लावली आहे. तो नियम मोडला म्हणून एका विद्यार्थिनीला मी रडवलं आहे. आणि तीच मी, कालच्या मसणातली माती बुटांत भरून, त्या तुरीच्या शेवटच्या निरोगी तुकड्यात चालत आले होते.

"हलू नका!" मी ओरडले. हलत कुणीच नव्हतं. मीच एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या नाड्या सोडत होते.

दोघंही धावत आले. मी सगळं सांगितलं, जसं सुचेल तसं. भाऊंच्या वावरातली बुरशी झाड मारणारी आहे, ती या मातीत आहे, ही माती मी इथे आणली, ती एकदा इथे रुजली तर वर्षानुवर्षं जात नाही. बोलता बोलता मला रडू फुटलं. चाळीशी उलटलेली बाई, एका पायात बूट, रडतेय. वच्छलाबाई पावलांच्या ओळीकडे बघत होत्या.

"म्हंजे माही बी जाईन?" त्यांनी विचारलं. "मायची तूर संपली?"

मी दुसरा बूट खेचून काढला.

तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा दिगंबरभाऊ बहिणीशी सरळ बोलले. "वच्छे, घमेलं आन. खुरपं आन. पावलं दिसतात ना? दिसतात थोवर उपसू."

अकरा पावलं होती. प्रत्येक पावलाची माती वच्छलाबाईंनी वीतभर खोल खणली. दिगंबरभाऊ घमेलं धरून, मी अनवाणी, पिशव्यांवर एक ते अकरा आकडे घालत. पावलाला लागून असलेली झाडंही उपटायला हवीत, असं मी जीव मुठीत धरून सांगितलं. शेंगांनी भरलेली होती ती. वच्छलाबाईंनी एका झाडावरून हात फिरवला आणि उपटलं. पुढचीही उपटली. "शेंगा खाऊन घेऊ, झाडं जाळू," एवढंच म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी अंगणात मिठाच्या पाण्यात त्या शेंगा उकडल्या. वाफाळलेल्या शेंगा सोलत आम्ही तिघं बसलो. दिगंबरभाऊ म्हणाले, "मायच्या काळी माह्या वावरातबी चपला काढत होतो. मंग सगळ्या गावात भाड्याचा ट्रॅक्टर फिराले लागला. सकाळी याच्या वावरात, दुपारी त्याच्या. ट्रॅक्टरले कोन म्हनते, चपला काढ म्हनून?"

वच्छलाबाई हसल्या. भावाच्या बोलण्यावर हसल्या, हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही शेंगांत मान घातली. 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असलं काही मी इथे म्हणणार नाही, मला त्याची चीड आहे. त्या माउलीला बुरशी ठाऊक नव्हती, जनुक तर नव्हतंच नव्हतं. पण तिचा तुकडा तिने राखला होता आणि माझी पदवी मी बुटांत घेऊन आले होते.

निघताना वच्छलाबाईंनी मूठभर बी फडक्यात बांधून दिलं. "घ्या. मशीनले दाखवा." बूट मी पोत्यात बांधून आणले. घरी नवऱ्याने विचारलं, साप दिसला का? म्हटलं, दिसला. माझ्याच पायात होता.

पुण्यात

कुंड्यांत दोघांचं बी वेगवेगळं लावलं आणि कोणत्या कुंडीत कुणाचं ते झाकून ठेवलं. पहिल्या रांगेला आमची आळशी बुरशी दिली. सगळी रोपं मजेत. दुसऱ्या रांगेला दिगंबरभाऊंच्या शेतातली ताजी बुरशी दिली. तिसऱ्या रांगेसाठी, माझं पाऊल न पडलेल्या टोकाहून वच्छलाबाईंनी काढून दिलेल्या तांबूस मातीत बुरशी आहे का पाहिलं, तर होती! तीच जात, बशीत तोच फिका रंग, तेच दिसणं. तीही रोपांना दिली.

महिनाभराने दुसरी रांग आडवी झाली. झाकलेल्या चिठ्ठ्या उघडल्या. भावाचं बी मेलं होतं, बहिणीचंही मेलं होतं, सारखंच. आणि तिसऱ्या रांगेत एकही पान सुकलं नव्हतं. त्या बुरशीत आम्ही शोधत होतो त्या मारक्या जनुकांचा मागमूस नव्हता. म्हणजे वच्छलाबाईंच्या तुरीत मर थोपवणारं काहीच नव्हतं. तिला मारणारी बुरशी तिथवर पोचली नव्हती, एवढंच. माझ्या बुटांतून पोचेपर्यंत.

अकरा पिशव्यांतली मातीही तपासली. बहुतेकींत मारेगावची मारकी बुरशी जिवंत निघाली. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

दिगंबरभाऊंना फोन केला. "भाऊ, दोन्ही मेली."

"दोनी?"

"दोन्ही. एकसारखी. बी एकच आहे. तुमच्या आईने तुम्हाला वेगळं काही दिलं नव्हतं."

पलीकडून त्यांचा आवाज आला. "म्हंजे मायनं सारखंच देलतं." फोन बंद न करताच त्यांनी तो कुठेतरी ठेवून दिला. चालत गेल्याचा आवाज आला, मग रहाट, मग तोंडावर पाणी मारल्याचा.

आठवड्याने वच्छलाबाईंचा फोन. "दादा आलता. जेवला. मले म्हने, चुकलो वं. आमी दोघंबी लय रडलो, बाई." मग हळूच, "पन माह्या वावराचं काय होईन?"

मी सांगितलं की उपसलं ते बरं झालं, पण कणभरही राहिलं असेल तर पुढच्या तुरीत कळेल. त्या अकरा जागी तीन वर्षं तूर लावू नका. मनाला धीर देणारं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

पुन्हा मुकुटबन

वर्षभर त्या तुकड्याने माझी झोप खाल्ली. पावसाळ्यात दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. या डिसेंबरात प्रयोगशाळेचं काहीही काम नसताना गेले. पायात साध्या चपला.

ओट्यावर भाऊ-बहीण दोघंही होते. दिगंबरभाऊ पुढच्या पावसाळ्यासाठी बियाणं सांगून ठेवायला आले होते. त्यांच्या घराजवळच्या माळावर ट्रॅक्टर जात नाही, तिथे लावणार होते. "मी कायले येऊ वावरात, तुमीच जा," म्हणाले आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले.

धुऱ्याशी मी चपला काढल्या. सगळ्यांच्या आधी. मान वर करायला भीती वाटत होती.

तूर उभी होती. छातीएवढी, हिरवी, शेंगांनी वाकलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाळलेलं काही दिसेना. मग त्या हिरव्यातून वर निघालेलं काहीतरी पिवळं दिसलं. ज्वारीची धाटं. धुऱ्यापासून आत गेलेली, डावं-उजवं, डावं-उजवं, मधे थोडी वळलेली आणि एका झाडाशी येऊन थांबलेली ओळ. तुरीच्याही वर डोकं काढून, वाळक्या कणसांवर चिमण्या बसलेल्या.

मी मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती. मागच्या वर्षी मी कुठे वळले, कुठे वाकले, ते सगळं तिथे उभं होतं.

"तुमी म्हनल्या ना, तूर लावू नका," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग जागा रिकामी कायले ठेवाची? ज्वारी टोचली. कनसं पाखरांले ठेवली." आणि माझा हात धरून मला धुऱ्यावरून आत घेत म्हणाल्या, "चाला. अजून दोन साल तुमचे पाय उगवतीन इथं."